सार्वजनिक धोरण आलेख आणि नकाशांतून मांडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, वॉर्ड कार्यालयांतील कर्मचारी, नागरी प्रश्नांवर लिहिणारे पत्रकार आणि धोरण-अभ्यासाचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्यतो मुंबईचीच घेतली आहेत.

धोरण समजावण्यासाठी आलेखांची गरजच काय? परिपत्रके आणि अहवाल असतातच की.

परिपत्रक निर्णय काय झाला ते सांगते. तो का घ्यावा लागला, त्याचा भार कोणावर किती पडणार आणि तो घेतला नाही तर काय होईल, हे त्यात क्वचितच उतरते, आणि उतरले तरी आकड्यांच्या कोष्टकात दडून बसते. साथीच्या नकाशाचे लंडनचे उदाहरण, म्हणजे जॉन स्नो यांनी काढलेला पटकीच्या (कॉलराच्या) साथीचा नकाशा, सगळीकडे दिले जाते. आपल्या शहराचे उदाहरण मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. १८९६ मध्ये मांडवी परिसरात प्लेग उघडकीस आला आणि पुढे बरीच वर्षे तो परतून येत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या मृत्यूंचे आकडे घेऊन कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या चढउताराचे आपले गणित ताडून पाहिले. २०२० मध्ये कोविडच्या काळात घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसलेली, ‘सपाट करायची’ ती वक्ररेषा याच गणिताच्या कुळातली आहे. त्या चित्रात निर्बंधांशिवाय आणि निर्बंधांसह अशा दोन वक्ररेषा आणि रुग्णालयांची क्षमता दाखवणारी एक आडवी रेषा एवढेच होते. पण सगळे रुग्ण एकाच वेळी आले तर खाटा पुरणार नाहीत, म्हणून निर्बंध, हा युक्तिवाद ज्यांनी एकही शासकीय आदेश वाचला नव्हता त्यांनाही त्यातून कळला.

याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला आलेख हवा असा नाही. अर्जाची मुदत, लागणारी कागदपत्रे, पात्रतेच्या अटी यांसाठी साधी यादीच उत्तम. सांगायचा आकडा एकच असेल तर तो वाक्यात लिहावा.

कोणते साधन वापरावे?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, पण तो सर्वांत शेवटी सुटला तरी चालतो. ‘कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे नसेल, तर महागडे साधनही दिशाभूल करणारे चित्रच देईल, आणि ते उत्तर असेल तर आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला आलेखही काम भागवतो.

तरीही व्यवहारात निवड करावीच लागते. आकडे शेकड्यांत असतील आणि आलेख दोन-चारच हवे असतील, तर एक्सेल किंवा गुगल शीट्स पुरे. संकेतस्थळावर टाकायचे स्वच्छ, मोबाइलवर नीट दिसणारे आलेख आणि साधे नकाशे हवे असतील, तर डेटारॅपर शिकायला सोपे आहे. हालचाल दाखवायची असेल, म्हणजे वर्षागणिक बदलणारे स्तंभ किंवा टप्प्याटप्प्याने उलगडणारी कथा, तर फ्लरिश उपयोगी पडते. मोठ्या आकडेवारीत वाचकाला स्वतः शोध घेऊ द्यायचा असेल तर टॅब्लो किंवा पॉवर बीआय घ्यावे. नकाशांचे गंभीर काम करणाऱ्याने मात्र क्यूजीआयएस शिकून घ्यावे. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. त्यात क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) निवडले पाहिजे.

एक इशारा. टॅब्लो पब्लिक किंवा फ्लरिशचे विनामूल्य खाते वापरून प्रसिद्ध केलेले काम सर्वांना दिसते. लाभार्थ्यांची नावे असलेली फाइल ‘फक्त आलेख पाहण्यापुरती’ तेथे चढवणे हा गंभीर निष्काळजीपणा आहे.

आकडेवारी कोठून मिळवावी?

जनगणना, केंद्र सरकारचे २०१२ मध्ये सुरू झालेले खुल्या आकडेवारीचे संकेतस्थळ, महापालिकेची अर्थसंकल्पीय पुस्तके, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणारे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि प्रजा फाउंडेशनसारख्या संस्थांचे अहवाल येथून सुरुवात करावी. माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४ नुसार बरीचशी माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी संकेतस्थळ नीट धुंडाळावे. अर्ज करावाच लागला, तर माहिती संगणकात ज्या स्वरूपात साठवली आहे त्याच स्वरूपात द्यावी, असे स्पष्ट लिहावे. कायद्याने तो अधिकार दिला आहे. नाहीतर चांगले तयार कोष्टक छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून हाती पडते आणि त्यातील प्रत्येक आकडा परत टंकावा लागतो.

जुन्या मराठी फाइल्स सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या उघडल्यावर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली तरी फाइल खराब झाली असे समजू नये. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येते. त्यानंतरही नावांची तपासणी करावीच लागते. एकाच आकडेवारीत महापालिकेच्या एकाच विभागाची ‘एफ उत्तर’, ‘एफ/नॉर्थ’ आणि ‘एफ एन’ अशी तीन रूपे आढळली, तर संगणक त्यांना तीन वेगळे विभाग समजतो. म्हणून दोन कोष्टकांची जोडणी नावांवरून करू नये, सांकेतिक क्रमांकांवरून करावी.

दरडोई आकडे काढावेत की एकूण संख्या दाखवावी?

बहुतेक वेळा दरडोई. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. त्यापैकी मुंबई शहर जिल्ह्यात ३०,८५,४११ आणि उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ लोक राहत होते. उपनगराची लोकसंख्या शहराच्या तिप्पट असल्यामुळे दवाखाने, तक्रारी, रुग्ण, अपघात यांपैकी कशाचीही एकूण संख्या तेथे जास्तच दिसणार. त्या चित्रातून वाचकाला फक्त एवढेच कळते की उपनगरात जास्त लोक राहतात, आणि ते त्याला आधीच माहीत असते.

मात्र छेदस्थानी कोणती लोकसंख्या घ्यायची, हा प्रश्न मुंबईत विशेष अवघड आहे. कुलाबा-फोर्टच्या ए विभागात रात्री झोपणारे लोक थोडे आणि दिवसा चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणारे लोक अफाट. तेथील कचरा रहिवाशांच्या संख्येने भागला, तर ए विभागातला माणूस शहरात सर्वाधिक कचरा करतो असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. अशा वेळी दिवसाच्या लोकसंख्येचा विश्वासार्ह अंदाज नसेल, तर दरडोई आकडा न दाखवता प्रति किलोमीटर रस्ता किंवा प्रति सफाई कामगार असा वेगळा छेद घ्यावा आणि तसे का केले ते आलेखाखाली लिहावे.

दुसरी अडचण म्हणजे ही जनगणना जुनी झाली आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर कोणी २०११ चा छेद वापरतो, कोणी अंदाजित लोकसंख्या वापरतो. दोन्हींतले काहीही चालेल, पण एकाच आलेखात दोन्हींची सरमिसळ चालणार नाही.

तलावांतील साठा टक्क्यांत दाखवतात. ते पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, आणि यात नेमके काय चुकते ते समजून घेतले तर इतर अनेक धोरणविषयक आलेखांतले दोष आपोआप दिसू लागतात.

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते : भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, तानसा, मोडक सागर, विहार आणि तुळशी. त्यांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. पैकी एकट्या भातसाची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी. तुळशीची ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक. तरीही पावसाळ्यात तुळशी किंवा विहार भरून वाहू लागला की त्याची मोठी बातमी होते, छायाचित्रे फिरतात आणि मग पाणीकपात अजून का चालू आहे असा रास्त वाटणारा प्रश्न विचारला जातो.

सात तलावांसाठी सारख्याच उंचीचे सात स्तंभ काढून ते टक्क्यांनुसार निळे रंगवणे ही सर्रास दिसणारी मांडणी आहे. समजा, सहा तलाव काठोकाठ भरले आणि भातसा निम्माच भरला. सात स्तंभांवरून नजर फिरवणाऱ्याला साठा ९३ टक्क्यांच्या घरात वाटेल, कारण सात टक्केवाऱ्यांची साधी सरासरी तेवढी येते. प्रत्यक्षात एकूण साठा ७५ टक्क्यांच्या आसपास असेल. चित्रातील एकही आकडा खोटा नसताना वाचकाचा समज चुकतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक स्तंभाची रुंदी तलावाच्या क्षमतेच्या प्रमाणात ठेवावी, किंवा सातही तलाव एकाच आडव्या पट्टीत क्षमतेनुसार मांडावेत. तुळशीची चीर मग दिसेल न दिसेल इतकी बारीक होते, आणि तेच खरे आहे.

याच्याही पुढे जाऊन एकक बदलून पाहावे. दशलक्ष लिटर हे एकक जलअभियंत्यांच्या सोयीचे आहे. घरातल्या माणसाला ‘हे पाणी किती दिवस पुरेल?’ एवढेच जाणून घ्यायचे असते. शहराचा रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास धरला, तर तुडुंब भरलेले सातही तलाव ढोबळ हिशेबाने वर्षभराचे पाणी देतात. वर्षभराचेच, अधिक नाही. त्यामुळे १ ऑक्टोबरला साठा दहा टक्के कमी असेल, तर वर्षभराच्या हिशेबात महिन्याभराची तूट आहे, हे दिवसांच्या मांडणीत लगेच कळते आणि कपातीचा निर्णय लहरी वाटत नाही. बाष्पीभवन हिशेबात धरले आहे की नाही, हे मात्र तळटीपेत सांगावे लागेल.

अर्थसंकल्पाचा आलेख काढताना काय सांभाळावे?

पहिली गोष्ट म्हणजे स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे. महापालिकेचा अर्थसंकल्पीय अंदाज २०२३-२४ साठी सुमारे ५२,६१९ कोटी, २०२४-२५ साठी ५९,९५५ कोटी आणि २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. पहिल्या वर्षापासून तिसऱ्यापर्यंत वाढ सुमारे ४१ टक्के. हाच आलेख ५०,००० कोटींपासून सुरू केला, तर तिसरा स्तंभ पहिल्याच्या नऊपटींहून उंच दिसतो. काही साधने अक्षाची सुरुवात स्वतःच ठरवतात, तेव्हा हा खोडसाळपणा कोणाच्या मनात नसतानाही घडतो. सेटिंग हाताने तपासावे. रेषालेखाला हा नियम तितका कडक लागू नाही, कारण तेथे वाचक उंचीपेक्षा चढउतार वाचतो.

दुसरी गोष्ट, तुलना कोणत्या आकड्याशी? २०२५-२६ चा अंदाज आधीच्या वर्षाच्या मूळ अंदाजापेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी जास्त होता. पण त्या आधीच्याच वर्षाच्या सुधारित अंदाजापेक्षा, म्हणजे ६५,१८१ कोटींपेक्षा, सुमारे १४ टक्क्यांनीच जास्त होता. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही बातम्यांत वापरता येतात. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या जाती आहेत. त्या एकाच रंगात, एकाच रांगेत मांडू नयेत. माझ्या मते नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आलेख कोणता असेल, तर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी दाखवणारा. तो सर्वांत कमी वेळा काढला जातो, कारण प्रत्यक्ष खर्चाचा आकडा उशिरा येतो आणि तोवर चर्चा पुढच्या अर्थसंकल्पावर गेलेली असते.

तिसरी गोष्ट महागाई. पाच वर्षांहून अधिक काळाची तुलना असेल, तर किंमत निर्देशांकाने आकडे एका वर्षाच्या पातळीवर आणावेत आणि कोणते वर्ष धरले ते शीर्षकातच लिहावे.

वर्तुळालेख वापरावा का, असेही विचारतात. दोन-तीन वाटे असतील तर हरकत नाही. बारा खात्यांचे बारा तुकडे असतील तर आडवे स्तंभ बरे.

वॉर्डनिहाय रंगवलेला नकाशा केव्हा योग्य?

प्रश्न खरोखर जागेचा असेल तेव्हा. पाणी कोठे तुंबते, आरोग्य केंद्र कोणत्या वस्तीपासून किती दूर आहे, कोणत्या भागात झाडे कमी आहेत, यांसाठी नकाशाला पर्याय नाही. पण ‘कोणता विभाग पुढे, कोणता मागे’ एवढेच सांगायचे असेल, तर उतरत्या क्रमाने लावलेला आडवा स्तंभालेख नकाशापेक्षा लवकर वाचता येतो.

रंगवलेल्या नकाशात डोळा क्षेत्रफळ मोजतो, माणसे मोजत नाही. मुलुंडचा टी विभाग क्षेत्राने मोठा आहे, त्याचा काही भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जातो. उलट डोंगरीचा बी आणि काळबादेवी-भुलेश्वरचा सी विभाग नकाशावर टिकलीएवढे, पण तेथे माणसे दाटीवाटीने राहतात. टी विभाग गडद रंगवला की सारे शहर संकटात असल्याचा भास होतो. सी विभाग गडद रंगवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. निदान राष्ट्रीय उद्यान, खाडी आणि मिठागरे वेगळ्या फिक्या छटेत दाखवून वस्तीच्या क्षेत्रातून वगळावीत.

शिवाय ‘वॉर्ड’ या एकाच नावाखाली दोन वेगळी एकके वावरतात. एक प्रशासकीय विभाग, जे दीर्घकाळ २४ होते आणि ज्यांपैकी मोठ्या विभागांचे पुढे विभाजन होऊ लागले; दुसरे निवडणूक प्रभाग, जे २२७ आहेत. प्रभागांची संख्या २३६ करण्याचा निर्णय झाला होता, तो २०२२ मध्ये मागे घेतला गेला. संख्या तीच राहिली तरी सीमा त्याच राहतात असे नाही. २०१७ च्या निवडणुकीपूर्वी त्या नव्याने आखल्या गेल्या. म्हणून २०१२ च्या प्रभाग क्रमांकासमोर २०१७ चा तोच क्रमांक ठेवून ‘प्रगती’ दाखवणारा नकाशा कोणी पुढे केला, तर आधी सीमा विचाराव्यात.

वरिष्ठ म्हणतात, शहरासाठी एकच सरासरी आकडा द्या. द्यावा का?

द्यावा, पण एकटा नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटरची. त्या दिवसाची दोन केंद्रांची सरासरी ५०९ येते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडला नव्हता. सरासरीसोबत सर्वांत कमी व सर्वांत जास्त नोंद त्याच आलेखात ठिपक्यांनी दाखवायला फारशी जागा लागत नाही.

मोबाइलवरचा हवेचा निर्देशांक आणि सरकारी निर्देशांक वेगळे का दिसतात?

कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. भारताच्या राष्ट्रीय निर्देशांकात चांगला, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिशय वाईट आणि गंभीर अशा सहा श्रेणी आहेत, आणि १०१ ते २०० ही ‘मध्यम’ श्रेणी आहे. अनेक अॅप अमेरिकी मोजपट्टी वापरतात, तिच्यात १५१ च्या पुढे हवा सर्वांसाठीच अपायकारक मानली जाते. भर म्हणून अॅप कधी तासाभराचा आकडा दाखवते, तर सरकारी पद्धतीत सूक्ष्म धूलिकणांसाठी चोवीस तासांची सरासरी धरतात. हा निर्देशांक सर्व प्रदूषकांची बेरीज नसतो. ज्या प्रदूषकाची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच उपनिर्देशांक त्या ठिकाणचा निर्देशांक ठरतो. बांधकामांवरील निर्बंधांसारखे निर्णय जाहीर करताना नुसता निर्देशांक न देता तो कोणत्या प्रदूषकामुळे आला हे दाखवले, तर निर्बंध बांधकामांवरच का, या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते.

रंग कसे निवडावेत?

कमी-जास्त दाखवायचे असेल तर एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्याव्यात. मधल्या बिंदूला अर्थ असेल, उदाहरणार्थ उद्दिष्टापेक्षा वर किंवा खाली, तरच दोन रंग वापरावेत. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी, कारण काही वाचकांना, त्यातही विशेषतः पुरुषांना, त्यांतला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी हा सुरक्षित पर्याय आहे. कलरब्रूअर या विनामूल्य साधनावर अशा तयार रंगमालिका मिळतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये आलेख कळतो का, हेही पाहावे. प्रभाग समितीच्या बैठकीत शेवटी झेरॉक्सच वाटली जाते.

महाराष्ट्रात भगवा, निळा, हिरवा यांना राजकीय अर्थ चिकटलेले आहेत. तटस्थ आलेखावरही ‘हे कोणाचे?’ अशी शंका येऊ शकते. करडा, जांभळा किंवा शेवाळी घेतल्याने हा वाद बराचसा टळतो.

मराठीत आलेख करताना अक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करावे?

देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याचे काम प्रत्येक साधनाला नीट जमतेच असे नाही. पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात हा त्रास अनेकांना झाला आहे. अशा वेळी आकृती तेथे काढून मजकूर इंकस्केपसारख्या चित्रसाधनात बसवावा, किंवा ब्राउझरमध्ये चालणारी साधने वापरावीत, कारण ब्राउझरला देवनागरी चांगली जमते. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट विनामूल्य आहे आणि लहान आकारातही वाचनीय राहतो. मात्रा-उकारांमुळे देवनागरीच्या ओळींना जास्त उंची लागते, म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजी आलेखापेक्षा वाढवावे. लांब नावे तिरपी किंवा उभी फिरवू नयेत; स्तंभच आडवे करावेत.

आकड्यांतील स्वल्पविरामही पाहावेत. साधने मुळात १,४४७,३६३ असे छापतात. आपल्या वाचकाला १४,४७,३६३ हवे असते. भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये भारत निवडला की बहुधा काम होते.

सर्वेक्षणाचे आकडे जनगणनेसारखेच दाखवता येतात का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नमुन्यावर आधारलेले असते आणि मुंबईसाठी ते शहर व उपनगर अशा दोन जिल्ह्यांचे आकडे देते. नमुना लहान झाला की आकड्याभोवतीची अनिश्चितता वाढते, म्हणून दोन फेऱ्यांतला दोन टक्क्यांचा फरक बदल असेलच असे नाही. प्रत्येक बिंदूभोवती अनिश्चिततेचा पट्टा दाखवावा आणि खाली साध्या भाषेत लिहावे : ‘खरा आकडा या पट्ट्यात कोठेही असू शकतो.’ या आकड्यांवरून वॉर्डनिहाय नकाशा तर मुळीच काढू नये.

तक्रारींचा आलेख वर गेला म्हणजे सेवा बिघडली असे म्हणावे का?

घाईने म्हणू नये. खड्ड्यांच्या तक्रारीसाठी नवे अॅप आले की पहिल्या पावसाळ्यात तक्रारी वाढतात. खड्डे तितकेच असू शकतात, नोंदवणे सोपे झालेले असते. तक्रारी कमी झाल्या तर लोक कंटाळून गप्प बसले अशीही शक्यता असते. ज्या वस्त्यांत पाण्याची अधिकृत जोडणीच नाही, तेथून पाण्याच्या तक्रारी कमी येतात. म्हणून तक्रारींच्या संख्येपेक्षा त्या सोडवायला लागलेले दिवस दाखवणे बरे, आणि नोंदणीची पद्धत ज्या महिन्यात बदलली तेथे आलेखावर उभी रेषा मारून तसे लिहिणे आवश्यक.

आमच्या विभागाला डॅशबोर्ड (अनेक आकडे व आलेख एकत्र दाखवणारे पान) हवा आहे. करावा का?

रोज पाहून रोज निर्णय घेणारा कोणी असेल तर जरूर करावा. पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पर्जन्यमापकांचे आकडे आणि भरतीच्या वेळा एकत्र दिसणे अत्यावश्यक आहे. नागरिकांना धोरण समजावण्यासाठी मात्र डॅशबोर्ड बहुधा कुचकामी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस आकडे आणि आठ गाळण्या (फिल्टर) देऊन ‘आता तुम्हीच पाहा’ म्हणणे म्हणजे सांगण्याची जबाबदारी वाचकावर ढकलणे. एक विधान, एक आलेख, खाली दोन ओळींचे स्पष्टीकरण अशी चार चित्रे अधिक वाचली जातात. शिवाय डॅशबोर्ड अद्ययावत ठेवायला माणूस आणि पैसा लागतो. उद्घाटनानंतर काही महिन्यांनी त्यावरील तारीख गोठलेली आढळणे ही नवलाची गोष्ट नाही.

रुग्ण किंवा लाभार्थी नकाशावर ठिपक्यांनी दाखवले तर चालेल का?

चालणार नाही. क्षयरोगाचा एक ठिपका एका चाळीवर पडला की शेजाऱ्यांना घर ओळखता येते. आकडे मोठ्या क्षेत्रावर एकत्र करावेत, फार लहान संख्या ‘पाचपेक्षा कमी’ अशा शब्दांत द्याव्यात आणि बेरजेतून वजाबाकी करून लपवलेला आकडा काढता येत नाही ना, हे तपासावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरीही हे पथ्य पाळावे लागले असते. कोविडच्या काळात सील केलेल्या इमारतींतील रहिवाशांना मिळालेली वागणूक मुंबईकर विसरलेले नाहीत.

देशाचा नकाशा इंटरनेटवरून घेतला तर?

घेऊ नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा प्रसिद्ध करणे हा दंडनीय गुन्हा आहे, आणि परदेशी साधनांतील तयार नकाशे नेमके येथेच चुकतात. सर्वेक्षण विभागाचीच फाइल वापरावी.

आकडे प्रतिकूल आहेत. हे वर्ष वगळा, अशी सूचना आली तर?

वर्ष वगळू नये, कारण मधला गाळलेला स्तंभ वाचकाच्या लक्षात येतो आणि मग उरलेल्या स्तंभांवरचाही विश्वास जातो. त्याऐवजी त्या वर्षी काय घडले हे आलेखावरच लिहावे. २०२०-२१ मध्ये शाळेतील उपस्थिती किंवा लोकलचे प्रवासी घटले, तर त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. एक छोटी टीप पुरते. कारण खरोखरच विभागाच्या कामातले असेल, तर पुढील उद्दिष्ट आणि त्याची तारीख शेजारी दाखवावी. वरिष्ठांना हा मार्ग वगळण्यापेक्षा पटवणे सोपे जाते, कारण वगळलेला आकडा माहिती अधिकारात कोणीही मिळवू शकतो.

आलेख व्हॉट्सअॅपवर फिरणार हे गृहीत धरून काय करावे?

शीर्षक, आकडेवारीचे मूळ, तारीख आणि संस्थेचे नाव चित्राच्या आतच असावे, कारण सोबतचा मजकूर पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतो. शीर्षकात विषय नको, निष्कर्ष हवा : ‘तलावसाठा’ असे लिहिण्यापेक्षा ‘आजचा साठा जूनअखेरपर्यंत पुरेल’ असे लिहावे. चित्र उभे करावे आणि अक्षरे मोठी ठेवावीत, कारण पाठवताना चित्राचा दर्जा घसरतो.

प्रसिद्ध करण्यापूर्वी आलेख कळतो की नाही, हे कसे तपासावे?

ज्यांच्यासाठी तो केला आहे, त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना दाखवावा. ‘कळले का?’ असे विचारू नये. सगळे सौजन्याने हो म्हणतात. ‘यावरून तुमच्या भागात पुढच्या महिन्यात काय होईल असे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर देताना मध्ये बोलू नये. दोघे जण एकाच ठिकाणी अडखळले, तर आलेख बदलावा. पाणी खात्याचा आलेख पाणी खात्याच्या अभियंत्याला दाखवून ही तपासणी होत नाही. तो इमारतीच्या सोसायटीच्या सचिवाला आणि सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्या बाईंना दाखवावा लागतो. प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली, तर जुने चित्र गुपचूप बदलू नये. नव्या चित्रावर ‘सुधारित’ असा शब्द आणि तारीख टाकून, कोणता आकडा बदलला ते खाली एका ओळीत द्यावे.